पेनड्राइव्ह लावण्याआधी थांबा : सेवा केंद्र, शाळा आणि घरच्या कॉम्प्युटरला व्हायरसपासून कसं वाचवायचं

बदनापूर : जून-जुलै आला की तालुक्यातल्या सेवा केंद्रांवर पाय ठेवायला जागा नसते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा असतो, तर कुणी पोराच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म घेऊन उभा असतो. एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात वीस-पंचवीस जणांची कामं होतात. त्यात कुणाचा पेनड्राइव्ह लागतो, कुणाच्या मोबाईलची केबल लागते, कुणी व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ उघडायला सांगतं. ऐन गर्दीत मशीन अडकलं, फायली उघडेनात किंवा सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले, की मग 'व्हायरस आला' असं म्हणून सगळेच हात वर करतात.

व्हायरस मात्र आपोआप येत नाही. कुणीतरी, बहुतेक वेळा न कळत, त्याला दार उघडून देतं. गावाकडच्या कॉम्प्युटरला अशी दारं मोजकीच आहेत: पेनड्राइव्ह, फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, फसवी लिंक किंवा फाईल आणि जुनं, अपडेट न केलेलं विंडोज. ही चार दारं सांभाळली आणि कामाच्या फायलींची दुसरी प्रत ठेवली, तर दाभाडी-रोषणगावच्या एखाद्या दुकानातला जुना कॉम्प्युटरही बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यायलाच पाहिजे असं नाही.

व्हायरस म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो. खरं तर त्रास देण्यासाठी लिहिलेल्या कुठल्याही प्रोग्रामला मालवेअर म्हणतात आणि व्हायरस हा त्यातला एक प्रकार. दुसऱ्या फायलींना चिकटून जो पसरतो तो व्हायरस. नेटवर्कवरून स्वतःच एका मशीनमधून दुसऱ्यात उडी मारतो तो वर्म. कामाचं सॉफ्टवेअर असल्याचं सोंग घेऊन आत शिरतो तो ट्रोजन. फायलींना कुलूप घालून किल्लीसाठी पैसे मागतो तो रॅन्समवेअर. आणि गुपचूप बसून पासवर्ड चोरतो तो स्टीलर किंवा स्पायवेअर.

पूर्वीचे व्हायरस खोडी काढण्यापुरते असायचे. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीतून पसरायचा आणि त्यात त्या भावांनी चक्क स्वतःचं नाव-पत्ता घातला होता. आजच्या मालवेअरमागे पैसा आहे. म्हणूनच आजचं धोकादायक मालवेअर बऱ्याचदा दिसतच नाही. मशीन छान चालू असतं, आणि पासवर्ड मात्र कधीच बाहेर गेलेले असतात. 'कॉम्प्युटर स्लो नाही, म्हणजे व्हायरस नाही' ही समजूत म्हणून धोक्याची आहे.

महाराष्ट्रात काय काय घडलंय

'आपल्या खेड्यातल्या कॉम्प्युटरमध्ये कुणाला काय मिळणार?' असं अनेकांना वाटतं. पण मालवेअर गाव बघून येत नाही. जिथे फट दिसेल तिथे ते शिरतं.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं उदाहरण सगळ्यात मोठं. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 या दोन दिवसांत बँकेचे 94 कोटी 42 लाख रुपये गेले. एटीएमचे व्यवहार तपासून मंजुरी देणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरट्यांनी मालवेअरच्या मदतीने बनावट यंत्रणा उभी केली. मग नकली कार्डांवरून 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. खातेदारांच्या खात्यातून पैसे गेले नाहीत, फटका बँकेला बसला. पैसे काढायला गेलेल्या 11 जणांना पुण्याच्या कोर्टाने 2023 मध्ये शिक्षा सुनावली.

त्याआधी 27 जून 2017 ला नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम 'नॉटपेट्या' या मालवेअरमुळे ठप्प झालं. जालन्याच्या ड्रायपोर्टमुळे या बंदराचं नाव इकडेही सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्क या जागतिक समूहातली होती. मालवेअर सुरू झालं युक्रेनमधून, तिथल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि नेटवर्कवरून फिरत फिरत इथपर्यंत आलं. कंटेनर हलवणाऱ्या क्रेन शाबूत होत्या. पण कुठला कंटेनर कुणाचा, हे सांगणारे कॉम्प्युटर बंद पडल्यावर नुसत्या क्रेनचा काय उपयोग?

मार्च 2021 मध्ये एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मुंबईच्या मुख्यालयासह विभागीय कार्यालयांचं ऑनलाइन काम अडलं. म्हणजे बँक, बंदर, सरकारी महामंडळ असं कुणीच सुटलं नाही. या सगळ्यांकडे कॉम्प्युटर सांभाळायला वेगळी माणसं असतात. ग्रामपंचायतीत किंवा दुकानात ते काम बसल्या जागी ऑपरेटरलाच करावं लागतं.

सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये मिळण्यासारखंही भरपूर असतं. शेकडो लोकांचे आधार, पॅन, पासबुकचे फोटो, सातबारा, फोटो-सही आणि मोबाईल नंबर तिथे एकाच डाउनलोड फोल्डरमध्ये पडून असतात. शिवाय केंद्रचालकाचा लॉगिन आयडी आणि वॉलेट. शाळेच्या मशीनवर यू-डायसचा पासवर्ड आणि मुलांची माहिती. कृषी सेवा केंद्रात उधारीचा सगळा हिशोब. फोटो स्टुडिओत लोकांच्या लग्नाचे फोटो, जे पुन्हा काढता येत नाहीत.

पहिलं दार : पेनड्राइव्ह

गावाकडे सगळ्यात जास्त घाण पेनड्राइव्हमधूनच फिरते. झेरॉक्सच्या दुकानातून शाळेत, शाळेतून पंचायत समितीत, तिथून परत घरी. एका मशीनमध्ये व्हायरस असला की लागलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये तो उतरतो आणि पुढच्या मशीनवर वाट बघत बसतो.

यातला ओळखीचा प्रकार म्हणजे शॉर्टकट व्हायरस. पेनड्राइव्ह उघडला की फोल्डरच्या जागी कोपऱ्यात छोटा बाण असलेली चिन्हं दिसतात. लोक घाबरून त्यावर दोनदा क्लिक करतात, आणि तिथेच चूक होते. त्या बाणाच्या चिन्हामागे व्हायरस सुरू करायची आज्ञा असते. खऱ्या फायली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. त्यामुळे लगेच फॉरमॅट मारण्याची घाई करू नये.

अशा वेळी आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह स्कॅन करावा. पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की 'स्कॅन'चा पर्याय येतो. मग फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' चालू करावं. तरीही फायली दिसल्या नाहीत, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' याच्यापुढची खूण काढावी. लपलेले फोल्डर दिसू लागतात. त्यातली फक्त ओळखीची कागदपत्रं आणि फोटो उचलून दुसरीकडे ठेवावेत, अनोळखी फाईल एकही घेऊ नये. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. काम झाल्यावर ती खूण परत लावून ठेवावी, नाहीतर विंडोजच्या स्वतःच्या फायली समोर येतात आणि कुणीतरी 'हे काय आलंय' म्हणून डिलीट करतं. आणि ज्या मशीनमधून हा व्हायरस आला ते मशीन साफ केलं नाही, तर पेनड्राइव्ह कितीदा फॉरमॅट केला तरी उपयोग नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोप्ले' नावाचा पर्याय असतो, तो बंद ठेवलेला बरा. म्हणजे पेनड्राइव्ह लावल्या लावल्या काही आपोआप उघडत नाही. सेवा केंद्रवाल्यांनी ग्राहकाचा पेनड्राइव्ह शक्यतो घेऊच नये. ग्राहकाला फाईल ईमेलवर पाठवायला सांगावी. घ्यावाच लागला तर स्कॅन केल्याशिवाय उघडू नये. दोन मिनिटं जातात, रांगेतला माणूस कुरकुर करतो, करू द्यावी. रस्त्यावर किंवा बसस्टँडवर सापडलेला पेनड्राइव्ह 'बघू तरी काय आहे' म्हणून लावणं हा तर निव्वळ आगाऊपणा.

दुसरं दार : क्रॅक

या विषयावर तालुक्यात कुणी उघड बोलत नाही, पण बहुतेकांच्या मशीनमध्ये तो असतोच. जुना कॉम्प्युटर घेतला की दुकानदार 'सगळं टाकून देतो' म्हणतो. त्या 'सगळ्या'त क्रॅक केलेलं विंडोज, क्रॅक केलं ऑफिस, फोटो स्टुडिओ असेल तर फोटोशॉप आणि कोरलड्रॉ, दुकान असेल तर हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि मराठी टायपिंगचा फॉन्ट असं सगळं येतं.

क्रॅक कसा चालतो ते समजून घेतलं की धोका लक्षात येतो. लायसन्स तपासणारा भाग मोडण्यासाठी क्रॅकला विंडोजचे पूर्ण अधिकार लागतात. ते अधिकार आपण 'येस' दाबून स्वतःच देतो. त्याच्यासोबत येणारी सूचना तर ठरलेली: 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा.' घरात शिरणारा माणूस दारातच 'आधी कुत्रं बांधा' म्हणाला, तर आपण त्याला आत घेऊ का? इथे मात्र घेतो. पासवर्ड चोरणारी अनेक मालवेअर आज अशाच क्रॅक, की-जनरेटर आणि गेमच्या 'चीट' फायलींमधून पसरतात. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड ती काही मिनिटांत उचलतात. एवढंच नाही, तर आपण लॉगिन असल्याची जी खूण ब्राउझर जपून ठेवतो तीही नेतात. मग चोरट्याला पासवर्डही लागत नाही.

पैसे नसतील तर फुकटचे सरळ मार्ग आहेत. ऑफिसऐवजी लिबरऑफिस चालतं, आणि त्यात अर्ज, तक्ते, प्रेझेंटेशन सगळं होतं. फोटोसाठी गिम्प आहे. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही घ्यायची गरजच राहिलेली नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की तो मिळतो. त्यात लिहिलेलं युनिकोडमध्ये असल्याने सरकारी पोर्टलवरही सरळ चालतं. लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओचं गिम्पवर भागत नाही ही तक्रार खरी आहे. पण तिथे निदान क्रॅकवालं मशीन वेगळं ठेवावं आणि त्यावर बँकेचं काम करू नये, एवढं तरी पाळता येईल. क्रॅक बेकायदा आहे तो आहेच.

जुन्या मशीनवर आधीच क्रॅक असेल तर एक गोष्ट तपासावी. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये खाली 'एक्सक्लूजन्स' असतं. तिथे अँटिव्हायरसने कोणत्या फोल्डरकडे बघायचं नाही याची यादी असते. दुकानदाराने किंवा क्रॅकने तिथे एखादं फोल्डर, कधी कधी अख्खा सी ड्राइव्ह, घालून ठेवलेला सापडू शकतो. तो काढून टाकावा आणि फुल स्कॅन लावावा.

तिसरं दार : लिंक, फाईल आणि घाबरवणारा पडदा

ईमेलवर 'इन्कम टॅक्सची नोटीस', 'कुरिअरची पावती' किंवा 'बिल' अशा नावाची फाईल येते. चिन्ह पीडीएफसारखं दिसतं, पण असतो प्रोग्राम. विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं, म्हणून फसगत होते. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फाईल नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केलं की खरं शेपूट दिसतं. शेवटी ईएक्सई, एमएसआय, जेएस, बीएटी किंवा व्हीबीएस असेल, तर ते कागदपत्र नाही. पासवर्ड घातलेली झिप फाईल आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, हाही संशयाचा प्रकार. कुलूप लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, म्हणून तसं करतात. वर्ड किंवा एक्सेलची फाईल उघडल्यावर 'एनेबल कंटेंट' दाबा असं म्हणत असेल आणि पाठवणारा ओळखीचा नसेल, तर दाबू नये.

मोबाईलवर हाच खेळ एपीके फायलींनी चालतो. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसान अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके येते. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती कधीच इन्स्टॉल करावी लागत नाही.

आणखी एक प्रकार बराच दिसतो. वेबसाइट बघता बघता अख्खा पडदा लाल किंवा निळा होतो, भोंगा वाजायला लागतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा' असं येतं आणि खाली मायक्रोसॉफ्टचं नाव असतं. हे फक्त एक वेबपान आहे. मायक्रोसॉफ्ट असा फोन नंबर पडद्यावर देत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, त्यातून ब्राउझर बंद करावा. तेही नाही जमलं तर मशीन बंद करून परत चालू करावं, आणि ब्राउझरने जुनी पानं परत उघडू का विचारलं तर नाही म्हणावं. फोन केलाच, तर समोरचा एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावतो. ही ॲप स्वतः वाईट नाहीत, पण अनोळखी माणसाला त्यांचा नंबर दिला की आपला माऊस त्याच्या हातात जातो.

अलीकडे एक नवी युक्ती आलीय. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असं म्हणत वेबसाइट विंडोजचं बटण आणि आर दाबायला सांगते, मग कंट्रोल-व्ही आणि एंटर. असं केलं की आपणच आपल्या हाताने मालवेअर उतरवून घेतो. खरी तपासणी फक्त चित्रं निवडायला किंवा चौकटीत टिक करायला सांगते. त्यापलीकडे काही मागितलं की पान बंद.

चौथं दार : जुनं विंडोज

12 मे 2017 ला 'वॉनाक्राय' नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं. 150 हून जास्त देशांतले दोन लाखांवर कॉम्प्युटर त्यात सापडले. फायलींना कुलूप आणि सोडवायला 300 डॉलरची मागणी. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की ज्या फटीतून ते शिरलं ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, 14 मार्च 2017 ला दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं ते त्या फटीतून वाचले.

आपल्याकडे अपडेट बंद करून ठेवायची सवय आहे. कारणही समजण्यासारखं आहे: मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालतं आणि अपडेट अख्खा डेटा खाऊन टाकतं. वर लाईट गेली की अर्धवट राहतं. पण बंद करण्यापेक्षा वेळ ठरवून द्यावी. विंडोज अपडेटमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' लावले की कामाच्या वेळेत मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही. आठवड्यातून एकदा, दुकान बंद करताना, अपडेट सुरू करून द्यावं. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ब्रॉडबँड असेल तर तिथे ही अडचण फारशी येत नाही.

विंडोज 7 चं अपडेट 14 जानेवारी 2020 ला बंद झालं, 8.1 चं 10 जानेवारी 2023 ला आणि विंडोज 10 चं 14 ऑक्टोबर 2025 ला. म्हणजे यानंतर सापडलेल्या फटी तशाच उघड्या. विंडोज 10 वापरणाऱ्यांना जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत मिळते. तो पर्याय विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो. मशीन चालत असेल तर विंडोज 11 वर जावं, पण त्याला टीपीएम 2.0 ही चिप लागते आणि बऱ्याच जुन्या मशीनमध्ये ती नसते. नुसतं टायपिंग, इंटरनेट आणि पोरांच्या अभ्यासासाठी जुनं मशीन असेल, तर त्यावर उबंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस लिनक्स फुकट टाकता येते. सेवा केंद्रांनी मात्र घाई करू नये. अंगठा घेण्याचं यंत्र आणि त्याची सर्व्हिस लिनक्सवर चालते का, हे आधी यंत्राच्या कंपनीकडून विचारून घ्यावं.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, पण वरची चार दारं उघडी असतील तर उत्तराने फारसा फरक पडत नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीच असतो. घरच्या वापराला तो पुरतो, अट एवढीच की तो चालू असला पाहिजे. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडावं. सगळीकडे हिरवी खूण असावी. 'रिअल टाइम प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू असावं. संशय आला तर 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावावा. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आत तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

सेवा केंद्र, पतसंस्था किंवा दुकानासाठी विकतचा घ्यायचा असेल तर घ्यावा. त्यातलं क्विक हील हे नाव तर आपल्याच मातीतलं. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले, त्यातले अनेक व्हायरसने बिघडलेले असायचे. कॉम्प्युटर शिकणारा धाकटा भाऊ संजय याने त्यावर प्रोग्राम लिहिले आणि 1990 च्या दशकात त्यातून अँटिव्हायरस उभा राहिला. ही कंपनी 2016 मध्ये शेअर बाजारात आली. पण कुठलाही घ्या, एका मशीनवर दोन अँटिव्हायरस घालू नका. ते एकमेकांशी भांडतात आणि मशीन बैलगाडी होतं. मुदत संपलेला अँटिव्हायरस तर नुसता शोभेचा, तो काढून टाकला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेने 2017 पासून 'सायबर स्वच्छता केंद्र' चालू केलंय. त्याच्या वेबसाइटवर मशीन साफ करणारी फुकटची टूल्स मिळतात. पेनड्राइव्हवर ताबा ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' हे सी-डॅकचं टूलही तिथे आहे. पत्ता सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन.

पासवर्ड आणि दुसऱ्यांची कागदपत्रं

रोजच्या कामासाठी ॲडमिन नसलेलं साधं खातं वापरलं तर अर्धं मालवेअर दारातच अडतं, कारण काहीही इन्स्टॉल करायला पासवर्ड मागितला जातो. दुकानात पोरगं गेम डाउनलोड करायला बसतं, त्याच्यासाठी तर हे हवंच. बँकेचे, केंद्राच्या वॉलेटचे आणि पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करू नयेत. जिथे दोन टप्प्यांची पडताळणी मिळते तिथे ती लावावी.

ग्राहकांची कागदपत्रं काम झाल्यावर त्याच दिवशी डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून काढावीत. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नये. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल हा तो पासवर्ड, आणि हे सगळ्यांना माहीत आहे. गावकऱ्यांनीही सेवा केंद्रात स्वतःच्या जीमेलवर किंवा व्हॉट्सॲप वेबवर लॉगिन केलं असेल, तर निघताना लॉगआउट करून घ्यावं. मोबाईलमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन अनोळखी मशीन काढून टाकता येतं. आधारचं बायोमेट्रिक एमआधार ॲपमधून लॉक करता येतं, अंगठा द्यायचा तेवढ्यापुरतं उघडता येतं.

बॅकअप

रॅन्समवेअर एकदा बसलं की पुष्कळदा फायली कुणालाच उघडता येत नाहीत. ना दुकानदाराला, ना इंजिनिअरला. तेव्हा फक्त दुसरी प्रत कामाला येते. शाळेच्या निकालपत्रकांची, ग्रामपंचायतीच्या नोंदींची, उधारीच्या हिशोबाची प्रत आठवड्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि प्रत झाली की हार्डडिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम लावून ठेवलेल्या हार्डडिस्कलाही रॅन्समवेअर कुलूप घालतं, तिथेच बरेच जण फसतात. अगदी महत्त्वाच्या फायली गूगल ड्राइव्हवरही ठेवाव्यात, 15 जीबीपर्यंत जागा फुकट असते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल उघडून बघावी. रिकामी प्रत घेत बसल्याचं ऐनवेळी कळू नये.

मालवेअर शिरलंच तर

आधी नेट तोडा. वायफाय बंद, केबल बाहेर. लावलेले पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क काढा. त्या मशीनवरून पासवर्ड बदलू नका, बदललेलाही चोरीला जाईल. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाईलवरून बदला, सुरुवात ईमेलपासून करा, मग बँक, मग पोर्टल. 'सगळीकडून लॉगआउट करा' हा पर्याय असेल तर तोही वापरा. केंद्राचा आयडी असेल तर जिल्हा व्यवस्थापकाला लगेच कळवा.

रॅन्समवेअरने पैसे मागितले तर देऊ नयेत. दिल्यावर किल्ली मिळेलच याची खात्री नसते. काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर फुकट मिळतात. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत ती 2016 मध्ये सुरू केली. म्हणून कुलूप लागलेल्या फायली पुसून टाकू नका, एका डिस्कवर बाजूला ठेवा. आज नाही तर उद्या किल्ली निघू शकते. मशीन मात्र पूर्ण फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकणंच खात्रीचं.

खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या नंबरवर लगेच फोन करावा. जितक्या लवकर कळेल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. सोबतच बँकेलाही कळवावं. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर करता येते. जालन्यात जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं आहे, आणि बदनापूर पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम व्हायरस सोडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तक्रारीला जाताना पडद्यावरच्या मागणीचा मोबाईलने काढलेला फोटो, आलेला मेल किंवा मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, व्यवहाराचा नंबर आणि वेळ, आणि ओळखपत्राची प्रत एवढं बरोबर असावं. मशीन फॉरमॅट करण्याआधी हे सगळं जमा करून ठेवा, फॉरमॅटनंतर दाखवायला काही उरत नाही.